गाळलेल्या तेवीस ओळी

"बाबा, आपलं घर केवढ्याला पडलं?"

जेवताना हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. त्यांच्यातली चष्मिष म्हणाली, "भोंग्या, तू मुख्याध्यापिकांशी भांडशील, पण घरात हे विचारायची तुझी टाप नाही." वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी भोंगा, आणि माझी टाप नाही असं काही उरलेलं नाही. विचारलं.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. "पडलं कुठे? तुझ्या आजोबांचं होतं. ते गेले, आपल्याकडे आलं."

"आपोआप?"

"आपोआप. जेव मुकाट्यानं."

पैजेचं कारण आमचा प्रकल्प. घरांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी सरकारनं सगळ्यांसाठी खुल्या केल्यात. आमच्या गटाकडे आमच्याच भागाच्या गेल्या दहा वर्षांच्या नोंदी आल्या. प्रत्येक विक्री म्हणजे नकाशावर एक वर्तुळ. किंमत जितकी जास्त तितकं वर्तुळ मोठं. शुक्रवारी शाळेत त्याचं प्रदर्शन. नदीकाठच्या नव्या इमारतींवर इतकी वर्तुळं उठली की परीक्षेच्या आदल्या दिवशीचं पुटकुळ्यांनी भरलेलं माझं कपाळच.

दुसऱ्या दिवशी संगणकाचे सर म्हणाले, "आधी यादी साफ करा. फार कमी किमतीच्या नोंदी गाळा. ते घरातल्या घरात दिलेलं-घेतलेलं असतं, त्यानं चित्र बिघडतं."

तेवीस ओळी गळाल्या. मी त्या उघडून बसले.

"कचरापेटीत काय डोकावतेस?" चष्मिष म्हणाली.

सोळावी ओळ. आमची गल्ली, आमचा घर क्रमांक. विक्री: अर्धा हिस्सा. देणार बहीण, घेणार भाऊ. नावं नव्हती, लागतही नव्हती. बाबांना बहीण एकच. तारीख सहा वर्षांपूर्वीची, आजोबा गेल्यानंतर दोन महिन्यांची. आणि किंमत? त्याच वर्षी बाबांनी मला लाल सायकल घेतली होती. तशा दोन आल्या असत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण गेल्या रविवारीच आत्या आमच्या बैठकीच्या खोलीत खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. ती कपडे दुरुस्त करते, लाँड्रीच्या वरच्या भाड्याच्या खोलीत राहते, आणि मालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलीय. "तुमच्या मागच्या खोलीत मी आणि माझं मशीन, दोन महिने," एवढंच ती म्हणाली. बाबा म्हणाले, "अगं, जागा कुठे आहे? पोरीच्या परीक्षा आहेत." मागच्या खोलीत बाबांचं व्यायामाचं यंत्र आहे. त्यावर आजवर फक्त टॉवेलांनी व्यायाम केलाय. आणि पुढे केल्या माझ्या परीक्षा.

मी ती ओळ परत यादीत घातली. नकाशावर आमच्या घरावर मोहरीएवढा ठिपका उमटला. सर म्हणाले, "ही का ठेवलीस? नियमात बसत नाही."

"सर, चित्र आधीच बिघडलेलं आहे."

त्यांनी घराचा क्रमांक बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या बाकाकडे गेले.

शाळा सुटल्यावर तडक आत्याकडे. ती कुणाची तरी पँट आखूड करत होती, तोंडात टाचण्या.

"आत्या, घराचा अर्धा हिस्सा तू बाबांना विकलास?"

तिनं टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. "विकला कसला. तो म्हणाला, कागद एका नावावर असले की सोपं जातं, तुझं माहेर काय पळून जातंय. मी सही केली."

"वाचलं नाहीस?"

"भावाचं काय वाचायचं, बाळा?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच लाजली, जणू चूक तिचीच. त्यानं मला जास्त संताप आला.

"मग चल घरी."

"एकदा विचारून झालंय माझं. पुन्हा नाही विचारणार."

"मी बोलावतेय."

"तू शहाणी. आधी तुझ्या बापाला तोंडावर सांग, मग मी सामान बांधते." माझ्या बाहीचं बटण लोंबत होतं. बोलता बोलता तिनं ते शिवून टाकलं आणि दातानं दोरा तोडला.

घरी बाबा बातम्या बघत होते, आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

"आपोआप म्हणालात ना?"

बाबांनी वाचलं. "हे कुणी दिलं तुला?"

"सगळ्यांनाच दिलंय. खुलं आहे."

"तुला व्यवहारातलं काय कळतं?"

"बहीण आणि भाऊ, एवढं कळतं."

"हळू बोल," आई म्हणाली, "शेजारी ऐकतील." आणि तिनं पुढे वाकून आकडा बघितला. हातातला टॉवेल तसाच राहिला. "तुम्ही तर म्हणाला होतात, तिला तिच्या वाट्याची पूर्ण रक्कम दिली."

बाबांनी टीव्ही बंद केला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "ती ओळ काढ. शुक्रवारी सगळी गल्ली येणार आहे."

बाबा मला विनवत होते. असं आधी कधी झालं नव्हतं, आणि एक क्षण माझा भोंगा बंदच पडला. मग बाहीवरचं बटण हाताला लागलं.

"नाही काढणार," मी म्हणाले. "आणि रविवारी आत्या मशीन घेऊन येतेय. मागच्या खोलीत नाही, माझ्या खोलीत, खिडकीपाशी. तिला उजेड लागतो. तिचा हिस्सा तिला परत कधी द्यायचा ते तुम्ही दोघं ठरवा. तोवर त्या यंत्राशेजारी मी झोपणार."