चारशे ओव्यांखाली एकच नाव

साठीत मी अक्षरं शिकले आणि जात्यावरच्या ओव्या वह्यांत उतरवल्या. प्रत्येकीखाली गाणारीचं नाव, गाव. भाची कामिनीने त्या संगणकात भरल्या. देवाची नावं असलेला कागद रद्दीत देत नाहीत, म्हणून नंतर वह्या मी स्वतः तापीत सोडल्या.

काल एका ओवीखाली चुकीचं नाव दिसलं. ती पुष्पाबाईची होती. कामिनीने शिरपूरला, संगणकाचं काम करणाऱ्या जितेंद्रला फोन लावला. तो एसक्यूएलची, म्हणजे भरलेली माहिती बदलायची, आज्ञा सांगू लागला. आधी नवं नाव लिहायचं, मग ते कोणत्या ओवीला द्यायचं ते. पहिला भाग लिहून झाला आणि मीच घाई केली.

"दाब ना पोरी, एक नाव तर बदलायचंय!"

तिने दाबलं. कोणती ओवी ते सांगितलंच नव्हतं; चारशे बाराही ओव्यांखाली पुष्पाबाई आली.

"जितूभाऊ, बठ्ठी, सगळीच नावं गेली," कामिनी रडवेली झाली.

"नक्कल ठेयेल शे का कोठे?"

"नाही."

"मग अक्काच्या वह्या तर शेतस ना?"

वह्यांचं काय केलं ते मी सांगितलं.

गाणाऱ्या बहुतेक वारल्या आहेत. कुणाला विचारणार? कामिनी एकेक ओवी वाचू लागली, मी नावं सांगू लागले. अकरा आठवली.

"आणि ही?"

गाणारीचा चेहरा दिसत होता, आवाजही कानात होता. नाव काही येईना.

"राहू दे," मी म्हणाले. "पुष्पाबाईच राहू दे."