मिस्त्रींनी शिवलेली पिशवी

ज्या वर्षी मिस्त्रींच्या धाकट्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी त्यांच्या सुनेला दिवस भरायच्या आत मुलगी झाली. लग्नासाठी रंगवलेल्या भिंतींचा वास अजून घरातून गेला नव्हता.

पोर एवढीशी होती की मिस्त्रींच्या दोन तळव्यांत ती सगळी मावायची, पाय तेवढे मनगटावर लोंबायचे. दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत तिला काही दिवस ठेवलं. मग तिच्याहून नाजूक मूल आलं आणि पेटी त्याला लागली.

"श्वास तिचा ती घेतेय, दूध गिळतेय," सिस्टर म्हणाली. "आता तिला ऊब पाहिजे. माणसाची छाती त्याला सगळ्यात चांगली. लंगोट आणि टोपडं सोडून अंगावर काही नको. उघड्या अंगाला उघडं अंग. रात्रंदिवस. खाली ठेवायची नाही."

"कुणाच्या छातीवर?" मिस्त्रींनी विचारलं, कारण उत्तर समोर दिसत होतं आणि ते त्यांना नको होतं.

सुनेला बाळंतपणानंतर ताप भरला होता. तो उतरायचं नाव घेत नव्हता, म्हणून तिला काचेपलीकडच्या वेगळ्या खोलीत हलवत होते, जिथे घरच्यांना आत सोडत नसत. मुलगा औषधांमागे आणि रक्ताच्या बाटल्यांमागे पळत होता, त्याला दवाखान्यातून हलता येत नव्हतं. मिस्त्रींची बायको, जिला सारी गल्ली काकी म्हणायची, ती जुन्या खोकल्याने बेजार. सिस्टरने तिला स्पष्टच सांगितलं, "तोंडाला फडकं बांधून दूध पाजा. छातीशी मात्र घेऊ नका." राहता राहिले मिस्त्री.

सुनेची खाट आत ढकलायच्या आधी तिने सासऱ्यांकडे बघितलं. ओठ सुकून पांढरे पडले होते.

"मामंजी, मी उठेपर्यंत तिला खाली ठेवू नका."

"नाही ठेवत."

"आणि मला दाखवायला आणा. जन्मली तशी उचलून नेली हो. मी तिचं तोंड धड बघितलंच नाही."

"आणतो," मिस्त्री म्हणाले. दार बंद झालं.

मिस्त्रींचं गाद्या-सोफ्यांचं दुकान होतं. सगळा जन्म कापूस, फोम आणि सुतळीत गेलेला. छातीवरच्या केसांत कापसाचे तंतू कायमचे वस्तीला असायचे. काकीने त्यांना घरच्या मोरीत बसवून साबणाने असं घासलं की कातडी लाल झाली.

"लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढं घासलं नव्हतं मला कुणी."

"तेव्हा कुणी तुमच्या छातीवर झोपणार नव्हतं," काकी म्हणाली, आणि दोघंही क्षणभर हसली. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसू.

मग दवाखान्यात जाऊन, सदऱ्याची बटणं उघडून पोर आत ठेवली आणि घरी आणली. बेडकासारखे पाय दुमडून, गाल एका बाजूला करून ती त्यांच्या काळजावर चिकटली. तिचा जीव त्यांच्या कातडीखालीच फडफडतोय असं मिस्त्रींना वाटलं. श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा, मिस्त्रींचाही थांबायचा, मग ती पुन्हा घ्यायची, मग हे घ्यायचे. काकी वाटी-चमच्याने दूध पाजायची. एकेक थेंब, ओठांच्या कडेला. चमचाभर दूध पोटात जायला इतका वेळ लागायचा की वाटीतलं दूध गार व्हायचं आणि काकी उठून पुन्हा वाटी गरम पाण्यात धरायची. लंगोट भिजला की आनंद व्हायचा. लंगोट कोरडा राहिला की दोघं एकमेकांकडे बघायची.

मिस्त्री बसून झोपायचे, बसून जेवायचे. एक हात कायम पोरीच्या ढुंगणाखाली. हाताला मुंग्या यायच्या, मग तो हात आपला आहे की नाही हेच कळायचं नाही. आणि एका दुपारी खुर्चीत त्यांचा डोळा लागला. जागे झाले ते पोर मांडीकडे घसरत होती म्हणून. हात बधिर होऊन बाजूला पडला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी तिला कसंबसं धरलं. काकी धावत आली. पोरीला काही झालं नव्हतं, ती झोपेतच होती.

"मी पाडली असती तिला," ते म्हणाले. "मी शब्द दिला आणि मीच पाडली असती."

"नाही ना पाडली."

"उद्या पाडीन. हा हात काही माणसाचा राहिला नाही."

म्हणून त्यांनी पिशवी शिवायला घेतली.

हे काम त्यांना येत होतं, हीच खरी अडचण होती. पोर सदऱ्यात, काकी खुर्चीमागून आधाराला उभी, आणि मिस्त्री वाकड्या सुईने शिवत होते. बाहेरून सोफ्याचं जाड कापड, आतून मऊ फ्लॅनेल, मध्ये नवा कापूस. तोंडाच्या कडेला फोमची गोल पट्टी. खांद्यावर रुंद पट्टे. वरून झाकायला पदर, वारा लागू नये म्हणून. त्यांच्या दुकानाची रीत ठरलेली होती. शिवण बाहेर दिसता कामा नये, कापडाला सुरकुती पडता कामा नये, आणि बसणारा माणूस गादीत असा रुतला पाहिजे की त्याला उठावंसं वाटू नये. पिशवी तशीच झाली. खोल, भरीव, गुबगुबीत. झाल्यावर त्यांनी तिच्यात कोळशाची जड इस्त्री ठेवली, पट्टे खांद्यावर घेतले आणि अंगणात जोरजोरात पावलं टाकून बघितली. टाका हलला नाही.

"बघ," ते म्हणाले. "राजाची खुर्ची आहे."

काकीनेही कौतुकाने पिशवीवरून हात फिरवला. हे पुढे तिलाही विसरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा निरोप आला. रात्र वाईट गेली. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. ती सारखं पोरीचं विचारतेय, घेऊन या.

मिस्त्रींनी पोरीला पिशवीत बसवलं, पिशवी छातीवर बांधली आणि वर कोट घातला. बाहेर बोचरं वारं होतं, म्हणून पदरही लावून घेतला. कितीतरी दिवसांनी त्यांचे दोन्ही हात मोकळे होते. रस्त्याने जाताना ते हात हलवत चालले. पोर गप्प होती. "बघ कशी निवांत झोपलीय," ते काकीला म्हणाले. काकी तोंडाला फडकं लावून खोकत मागून येत होती. तिने मान डोलावली.

काचेपलीकडे सून उशीला टेकून बसवलेली होती. मुलगा बाहेरच्या बाकावर होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. "आत जाऊ देत नाहीत," तो म्हणाला. "इथूनच दाखवा."

मिस्त्री काचेशी गेले आणि कोट बाजूला केला. सुनेने बघितलं. तिला दिसली ती पिशवी. तिने हात उचलून स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोट फिरवलं.

मिस्त्रींनी गालाखाली हात ठेवून डोळे मिटून दाखवले. झोपलीय.

सुनेने पुन्हा चेहऱ्याभोवती बोट फिरवलं.

"तोंड बघायचंय तिला," काकी म्हणाली. "उघडा की."

"आत्ता कुठे गरम झालीय. इथे दारातून गार वारा येतोय."

"अहो, तिला एकदा बघू द्या."

"जरा थांब. सिस्टरला दार लावायला सांगतो, मग उघडतो."

मिस्त्री वळणार तेवढ्यात सुनेने तळहाताने काच थोपटली. ती खाटेवरून पुढे झुकली होती, हाताला लावलेली नळी ताणली गेली होती. आवाज ऐकू येत नव्हता, पण ती काय म्हणतेय ते सगळ्यांना कळत होतं. मुलगा उठून उभा राहिला. "बाबा, उघडा ना. तिला किती वेळ..."

मिस्त्रींनी पदर उचलला.

पोर पिशवीच्या तळाशी गेली होती. गुबगुबीत कापसात रुतून तिची पाठ वाकली होती आणि हनुवटी छातीत घुसली होती. नाक फ्लॅनेलमध्ये. ओठ निळे. टोपड्याखालचं कपाळ राखेच्या रंगाचं.

मिस्त्रींनी तिला बाहेर ओढलं. ती हातावर ओल्या फडक्यासारखी पडली. मुलगा सिस्टरला हाका मारत पळाला.

सिस्टर आली. तिने पोर बाकावर उताणी ठेवली, हनुवटी जराशी वर केली, नाक-तोंड पुसलं, पाठ चोळली, तळपायावर टिचक्या मारल्या. काही नाही. पुन्हा चोळलं. मग तिने आपलं तोंड पोरीच्या नाका-तोंडावर ठेवून हलकेच फुंकलं, गालात मावेल एवढीच हवा. एकदा, पुन्हा एकदा. काचेपलीकडे सून दोन्ही तळवे काचेला लावून बघत होती. तिच्याकडे बघायची कुणाचीच हिंमत झाली नाही.

मग पोरीने तोंड वाकडं केलं आणि मांजरीच्या पिल्लासारखा एक आवाज काढला. मग दुसरा. मग ती रडली. रंग आधी ओठांना आला, मग गालांना.

काकी खाली जमिनीवरच बसली. मिस्त्री भिंतीला धरून उभे होते, रिकामी पिशवी छातीवर लोंबत होती. त्यांनी खिशातून टाके उसवायची छोटी सुरी काढली आणि आपलंच काम आपल्या अंगावर फाडायला सुरुवात केली. टाके भक्कम होते. लवकर सुटेनात. कापूस सगळ्या व्हरांड्यात उडाला.

"तुम्ही इस्त्री घालून बघितलीत," काकी खालूनच म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "इस्त्रीला नाक नसतं."

सिस्टरने पोरीला तपासलं, थोडा वेळ नळीतून हवा दिली, आणि सगळं ठीक चाललंय अशी खात्री झाल्यावर तिला पुन्हा मिस्त्रींकडे आणलं. मिस्त्री मागे सरकले.

"मी नाही घेणार. माझ्याकडे देऊ नका तिला."

"दुसरं कोण आहे?"

सिस्टरने एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली चादर मागवली. मिस्त्रींचा सदरा उघडून पोर त्यांच्या छातीवर ठेवली, चादर पाठीमागून फिरवून घट्ट बांधली.

"इतकी उंच ठेवायची की मान वाकवली तर तुमचे ओठ तिच्या टाळूला लागले पाहिजेत. तोंड कायम दिसलं पाहिजे. तिची हनुवटी छातीला टेकायला नको. पाठ सरळ, अंग तुमच्या अंगाला घट्ट. मऊ बैठक नको, झाकण नको. आणि बांधलंय म्हणून बघायचं थांबायचं नाही."

मिस्त्रींनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी लोक रुतावेत म्हणून गाद्या भरल्या होत्या. आता त्यांचे डोळे पोरीच्या नाकपुड्यांवरून हलत नव्हते.

"काचेशी जा," सिस्टर म्हणाली.

मिस्त्री काचेशी गेले आणि वाकले. पोरीचं तोंड काचेच्या अगदी जवळ आलं, तिच्या श्वासाचा छोटासा ठिपका काचेवर उमटला, विरला, पुन्हा उमटला. सून तो ठिपका बघत राहिली. मग चेहरा. नाक कुणाचं, कपाळ कुणाचं हे शोधत असावी, कारण एकदा तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं आणि ओठ हलवले. मिस्त्री पाठ दुखून वाकडी झाली तरी तसेच उभे राहिले. सूनच थकून आडवी झाली तेव्हा ते हलले.

त्या दिवसापासून रोज सकाळी ते तिला काचेशी घेऊन गेले. रोज सून कमी वेळ बसू शकली. शेवटी शेवटी तिला मानही वळवता येत नव्हती, तेव्हा सिस्टरने खाट फिरवून तिचं तोंड काचेकडे केलं. मिस्त्रींनी बसून झोपणं सोडलंच. डोळा लागायला आला की ते उठून फिरायचे, आणि अगदीच सहन होईना तेव्हा दवाखान्यातून तासभर घरी आलेल्या मुलाला शेजारी बसवून, पोरीच्या नाकावर नजर ठेवायला सांगून, तेवढा वेळ डोळे मिटायचे.

सून त्याच महिन्यात, धाकट्या लेकीच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत, एका शनिवारी दुपारी वारली. पोर जगली.