सतरावं कडवं

एकवीस कडव्यांपैकी वीस वहीत उतरली आणि एक काही केल्या सापडेना. मापवाली महिनाभर हैराण झाली होती. गाणं तिचंच होतं. तरुणपणी शिलाई यंत्राच्या पायट्यावर पाय चालवता चालवता तिनं ते रचलं होतं. गल्लीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक कडवं. कुणी येऊन माप देऊन जायचं, आणि कापड कापून होईतो त्याचं कडवं तयार व्हायचं. आता लेकीसाठी सगळं लिहून ठेवावं म्हणून तिनं वही उघडली. सोळा कडवी पावसाच्या सरीसारखी सरसर उतरली, अठरापासून एकवीसपर्यंतचीही आली. मधे सतरा आकडा घालून तिनं चार ओळींची जागा कोरी सोडली होती. काजं सगळी केलेली, बटणंही लावलेली, आणि बरोबर छातीवरचं एक बटण गायब, तशी ती जागा तिला दिवसभर टोचत राही.

ते कुणाचं कडवं होतं हे तिला ठाऊक होतं. ते तिच्या नवऱ्याचं, म्हणजे घड्याळजीचं होतं. शब्द मात्र गेले होते. लग्नाआधी ते तिनं मनातल्या मनात म्हटलं, आणि लग्नानंतर दुकानात गाताना सोळावरून थेट अठरावर उडी मारली. गिऱ्हाइकांसमोर ते म्हणायची लाज वाटायची. मोठ्यानं म्हटलं ते फक्त एकदा, टेप रेकॉर्डरसमोर.

तो टेप रेकॉर्डर कपाटावर होता. हिरवट करड्या रंगाची, पेटीएवढी, दोन मोठ्या चकत्यांची ती जुनी मशीन चाळीस वर्षं उरलेल्या चिंध्यांच्या गोधडीखाली झोपून होती. बिघडलीय, आतला पट्टा कुठे मिळत नाही, असं घड्याळजीनं सांगितलं होतं. आजोबांच्या आजोबांची घड्याळं ज्याच्या हातून टिकटिक करत उठली, त्याला एक रबरी पट्टा मिळू नये याचं मापवालीला नवल वाटे. अधूनमधून ती टोमणा मारी, तो भिंग डोळ्याला लावून आणखी खाली वाके, आणि विषय तिथंच संपे.

खरी गोष्ट तो एकटा जाणत होता. मशीन बिघडली नव्हती. बिघडवलं होतं ते त्यानं, आणि मशीन नव्हे, गाणं.

मशीन आणली तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. एका रविवारी त्यानं बायकोला माइकसमोर बसवलं, तिनं एकवीसच्या एकवीस कडवी म्हटली, आणि सतरावं म्हणताना ती भिंतीकडे बघत होती. ते त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती दुकानात गेली की हा फीत मागे फिरवून तेवढंच कडवं ऐके. एकदा ऐके, दोनदा ऐके, कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघे आणि पुन्हा ऐके.

आता घड्याळजीचा एक स्वभाव होता. घरातलं कुठलंही यंत्र उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आवाज भरायच्या लाल बटणाखाली पत्र्याची एक छोटी खिट्टी होती. ती खरखरायची. खिट्टी काढली तरी मशीन चालत होती, तेव्हा ती जास्तीची, असा हिशोब करून त्यानं ती काढून डबीत टाकली. चुकून लाल बटण दाबलं जाऊ नये एवढंच त्या खिट्टीचं काम होतं. चौथ्या दिवशी वाजवायचं बटण दाबताना शेजारचं लालही खाली गेलं. गाणं येईना. त्याला वाटलं आवाज कमी आहे, त्यानं तो वाढवला आणि कान लावून बसला. मग त्याला खोकला आला, आणि त्याच्या खोकल्याबरोबर मशीनवरची सुई थरथरली. वाजवताना सुई गाण्याबरोबर हलते, खोकल्याबरोबर नाही. सतरावं कडवं पुसून गेलं होतं, अगदी कात्रीनं कापल्यासारखं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण हा कारागीर. त्यानं डोकं चालवलं. मशीनला दोन वेग होते. हळू वेगात भरून जलद वेगात वाजवलं की आवाज पातळ होतो, पुरुषाचा बाईसारखा होतो. कडवं तर पाठ होतं. त्यानं वेगाचा खटका हळूवर टाकला, माइक तोंडाशी धरला आणि मोकळ्या जागेत ते कडवं स्वतः म्हटलं. म्हणायला हवं होतं निम्म्या चालीनं, रांगत रांगत. पण बायको यायची वेळ झाली होती, त्यानं ते एका दमात म्हणून टाकलं. जलद वेगात वाजवून पाहिलं तर मशीनमधून एक चिमणी चिवचिवली आणि गप्प झाली. एक शब्द कळेना. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. त्यानं झाकण लावलं, आणि पट्टा तुटल्याचं त्या संध्याकाळी जाहीर झालं.

चाळीस वर्षांत ते शब्द त्याच्याही डोक्यातून निघून गेले. आता बायको कोऱ्या जागेकडे बघत पेन्सिल चावत बसली की त्याला जेवण गोड लागेना. तिची लाज, तिचं कडवं, आणि खाल्लं कुणी तर यानं. हे तिला कळलं तर ती काय म्हणेल, याची त्याला चाळीस वर्षांपूर्वी होती तेवढीच धास्ती आजही होती.

लेक लिफ्ट दुरुस्त करायचं काम करी. दहा माणसं घेऊन वर जाणारा पाळणा जिच्या शब्दावर चालतो, तिला एका पट्ट्याचं काय कौतुक. आईची तगमग पाहून रविवारी सकाळी ती स्टुलावर चढली आणि मशीन खाली उतरवून जेवायच्या टेबलावर ठेवली. बाबांनी आधी तिच्या कमरेची काळजी केली. मग म्हणाले, विजेचा झटका बसेल. मग म्हणाले, इतकी जुनी फीत कुजून गेली असेल. लेक हूं हूं करत स्क्रू काढत होती.

जुना पट्टा डांबरासारखा वितळून चाकाला चिकटला होता. म्हणजे तुटला नव्हता कधीच, एवढं तिच्या लक्षात आलं. तिनं बाबांकडे एकदा पाहिलं. मग चाक खरवडून पुसलं, आपल्या हत्यारांच्या पेटीतला मापाचा नवा पट्टा चढवला. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिटात बुडवून फीत जिथं घासून जाते ती आवाज टिपणारी हेडं पुसली. कापूस विटेच्या रंगाचा झाला. मग भरलेली चकती डावीकडे, रिकामी उजवीकडे. फितीचं टोक खुंट्यांमधून वळवत, हेडांना चाटून, पोलादी दांडी आणि रबरी चाकाच्या फटीतून नेत तिनं उजव्या चकतीवर दोन वेढे दिले. मापवाली हे सगळं बघत होती. तिला ते सुईत दोरा ओवण्यासारखं वाटलं, फक्त सुई टेबलाएवढी.

खटका जलदवर होता. लेकीनं बटण दाबलं. चकत्या जड बाईसारख्या सावकाश उठल्या आणि फिरू लागल्या. खरखर झाली, आणि खोलीत एक तरुण बाई गाऊ लागली.

मापवालीनं वही छातीशी धरली. आपला आवाज इतका उंच होता हे ती विसरली होती. पोस्टमनचं कडवं आलं:

पोस्टमनच्या शर्टाला
खिसे लाविते मी चार
तीन लोकांच्या पत्रांना
चौथ्या खिशात दुपार

मग बेकरीच्या काकांचं:

बेकरीच्या भल्या काका
कंबर घेते मी सैल
पाव फुगतो भट्टीत
शिवण इथे फुटेल

लेक खो खो हसत सुटली. मापवाली ओठांतल्या ओठांत बरोबर म्हणत होती. काही ठिकाणी ती नव्या शब्दावर जाई आणि मशीन जुन्या शब्दावर, तेव्हा ती मान डोलावून मशीनचं खरं मानी. घड्याळजी मात्र आकडे दाखवणाऱ्या छोट्या खिडकीकडे टक लावून बसला होता. सतरावं जिथं सुरू होई तो आकडा चाळीस वर्षांत तो विसरला नव्हता. चौदावं झालं, पंधरावं झालं. एकदा तो पाणी प्यायला म्हणून उठला आणि पाणी न पिता परत आला. सोळावं सुरू झालं. मापवालीनं पेन्सिलीला टोक आहे ना ते पाहिलं आणि वहीतल्या कोऱ्या जागेवर ती टेकवली.

ते टेकवणं त्याला बघवेना. त्यानं हात पुढे केला आणि मशीन बंद केली.

"सतरावं नाहीये त्यात," तो म्हणाला. "माझ्या हातून पुसलं गेलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. खिट्टीचं सांगितलं, लाल बटणाचं सांगितलं, खोकल्याचं सांगितलं. चार दिवस चोरून ऐकत होतो हेही सांगितलं, आणि ते सांगताना त्याचे कान लाल झाले. लेक स्पिरिटची बाटली उगाच बंद करत राहिली.

मापवालीनं वही मिटली.

"कडवं गेलं ते गेलं," ती म्हणाली. "पण उरलेली वीस होती की. तीही मला ऐकू दिली नाहीत. चाळीस वर्षं मी त्या बिचाऱ्या मशीनला नावं ठेवली, अहो."

त्यानं मान खाली घातली. ती त्याच्या टकलाकडे बघत राहिली. नंतर तिनं विचारलं, पुसलं तर पुसलं, मग तिथं आता काय आहे, नुसती शांतता?

"मी आहे," तो म्हणाला.

चिमणीची गोष्ट त्यानं मघाशी गाळली होती. ती आता सांगावी लागली. ऐकता ऐकता लेकीच्या हातातलं बूच खाली पडलं. ती टेबलाखाली वाकली ती उचलायला की हसायला, हे कळलं नाही. मापवालीनं मात्र हसू आवरलं आणि मशीन चालू करायला सांगितली. जे आहे ते ऐकायचंच म्हणाली.

सोळाव्याचा शेवट झाला. क्षणभर खट्ट असा आवाज आला, आणि चिवचिव सुरू झाली. इवलीशी, घाईघाईची, जणू कुणी काडेपेटीत चिमणी कोंडली होती. मापवालीनं चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न केला. तो जमला नाही. ती हसली, इतकी हसली की तिनं पदर तोंडावर धरला, आणि घड्याळजी अपराधी चेहऱ्यानं का होईना, पण जरा सैल होऊन बसला.

लेकीचं हसू मात्र मधेच थांबलं. तिनं फीत मागे फिरवली.

"बाबा, हे हळूवर भरलंत ना? मग हळूवर कधी ऐकलंत का?"

नव्हतं ऐकलं. जिन्यात पावलं वाजली होती, झाकण लावलं होतं, आणि नंतर ते उघडायची छातीच झाली नाही.

तिनं वेगाचा खटका हळूवर टाकला आणि बटण दाबलं. चकत्या आता सावकाश फिरत होत्या. खोलीत एक तरुण माणूस आला. तो जवळ बसून, श्वास लागल्यासारखा, जरासा बेसूर गात होता, पण शब्द न् शब्द स्वच्छ होता:

घड्याळजीच्या बाहीचं
माप घेते तीन वेळा
दोनदा ते कापडाचं
तिसऱ्यांदा जीव खुळा

गाणं संपलं तरी फीत फिरतच होती. तरुण घड्याळजी आकड्यांची खिडकी बघत थांबला असणार. त्याचं बोट बटणाला लागेपर्यंत जे खोलीत झालं ते सगळं आत गेलं होतं. खुर्ची करकरली. नळ टपटपला. आणि माइकपासून जरा लांब, स्वतःशीच, तो म्हणाला, "आता तिला काय सांगू? ती परत म्हणायची नाही."

मापवालीनं वही उघडली. सतरा आकड्यापुढच्या कोऱ्या जागेत तिनं चार ओळी लिहिल्या, कुणाला न विचारता, एकदाही न अडखळता. लिहिताना ती भिंतीकडे बघत नव्हती. मग म्हणाली की चौथी ओळ त्यांनी बरोबर म्हटली, पण तिसरीत एका जागी चाल चुकवली. घड्याळजीनं ते मुकाट मान्य केलं.

लेकीचं कामाचं डोकं एव्हाना पुढे धावत होतं. जागा मोजून ठेवलेलीच आहे, ती म्हणाली. आईनं आताच माइकसमोर बसावं, मशीन जलदवर ठेवून म्हणावं, चिमणी पुसली जाईल आणि गाणं सलग होईल. आकडे मी सांभाळते.

"हात लावायचा नाही," आई म्हणाली. "ज्याचं कडवं, त्यानं म्हटलंय. राहू दे."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या गॅलरीत कुणाची तरी चादर वाळत होती. तरी त्यांनी बराच वेळ पाहिलं.

मग मापवालीनं पुढचं लावायला सांगितलं. सतरापर्यंत ऐकून थांबायचं हे काय गाणं झालं. लेकीनं खटका जलदवर आणला. तरुण बाई पुन्हा गाऊ लागली, मधे कोण येऊन गेलं याचा तिला पत्ताही नव्हता:

दातवाल्या डॉक्टराचा
खिसा शिवते मी खोल
आत चॉकलेटं किती
कुणापाशी नको बोल

म्हातारी तिच्याबरोबर मोठ्यानं म्हणत होती. घड्याळजीही म्हणायला लागला, एका शब्दानं मागे राहून.