घरची मतं

"काकू, हे एक कोणाचं हो?" शेजारी बसलेल्या नव्या पक्षाच्या पोरानं हसू दाबत विचारलं.

मतमोजणीच्या जाळीपलीकडं साहेबांनी यंत्र उचलून धरलं होतं. काकूंच्या केंद्रावर काकूंच्या पक्षाला पडलेलं मत होतं एक. एके काळी या पक्षानं दगड उभा केला तरी निवडून यायचा, आणि आज प्रांतभर मोठमोठे मंत्री तोंडावर आपटत होते. तेही काकूंनी गिळलं असतं. सत्ता काय, आज आहे उद्या नाही. पण आपलं केंद्र? शिवणाची कामं बाजूला टाकून, इतकी वर्षं ज्यांच्या दारात चपला झिजवल्या, ती माणसं?

"माझं," काकू म्हणाल्या. "बोटावरची शाई दाखवू का?"

पोरगं वरमलं. काकूंनी पक्षाच्या वतीनं निकालाच्या कागदावर सही ठोकली आणि मग बोटांवर हिशेब केला. घरात मतं पाच. नवरा, लेक, सून, दीर, चौघांना त्यांनी स्वतः रांगेत उभं केलं होतं. बाहेर येताना लेक म्हणालाही होता, "आई, काम फत्ते." एखादा घसरला असता तर समजलं असतं, पण इथं झाडून सगळे.

रस्ताभर त्या धुमसत होत्या. आज एकेकाला उभंआडवं घ्यायचं, मग घर राहो नाहीतर मोडो.

घरात पाय ठेवला तर टीव्ही बंद. स्वयंपाक झाकलेला, कोणी जेवलं नव्हतं. चौघंही खाली माना घालून, एकमेकांची नजर चुकवत बसलेले. काकू दारातच थबकल्या. यांच्यातल्या कोणाला दुसऱ्याचं ठाऊक नव्हतं. जो तो समजत होता, चोर आपण एकटेच.

नवरा खाकरला. "आपल्या केंद्रावर किती पडली गं?"

जिभेवर आलेलं सगळं काकूंनी मागं सारलं.

"पाच," त्या म्हणाल्या. "घरची तेवढी पडली."

"मग!" नवरा घाईनं म्हणाला. "घर कुठं जातंय?" दीरानं मान डोलावली. लेक उगाच पाणी प्यायला उठला.

काकूंनी पदरावरचा पक्षाचा बिल्ला काढला, टाचणी नीट मिटवली आणि सुयांच्या डबीत ठेवून दिला. सून पानं वाढायला लागली होती. काकूंनी तिच्या हातातून डाव काढून घेतला.

"बस तू," त्या म्हणाल्या. "मी वाढते सगळ्यांना."