माझा पिवळा दिवा आणि थोरल्याची मूठ

मी एक जुनी मोटार आहे. वय वर्षे एकोणीस. माणसांत या वयाला तारुण्य म्हणतात, मोटारींत म्हातारपण. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझ्या गोष्टीत मारामारी आहे, रक्त आहे आणि शेवटही गोड नाही. भीती वाटली तर एखाद्या मोठ्या माणसाजवळ बसून मोठ्याने वाचा. त्याच्याही कानावर पडलेली बरी.

माझा जन्मच मुळी ठोकून झाला. कारखान्यात पत्र्याचा सपाट तुकडा दाबयंत्राखाली सरकवला, धाडकन आवाज झाला आणि माझे दार तयार झाले. मग भोके पाडली, ठिणग्या उडवत सांधे जोडले. दुखले का म्हणाल, तर दुखले. पण तिथला प्रत्येक घाव मोजून घातलेला होता आणि त्यातून काहीतरी घडत होते. पुढच्या आयुष्यात मी जो मार खाल्ला त्यातून काहीच घडले नाही, नुसते मोडत गेले.

माझ्या पोटात ठिकठिकाणी छोटे सेन्सर बसवले होते. एक इंजिन किती तापले ते बघायचा, एक हवा किती आत आली ते बघायचा, आणि एक इंजिनाचा दांडा नीट फिरतो आहे ना, यावर डोळा ठेवायचा. कुठे बिनसले की ते एका डबीला कळवायचे. ती डबी बिघाडाचा कोड आपल्या आठवणीत लिहून ठेवायची आणि चालकासमोर पिवळा दिवा लावायची. मला बोलता येत नाही. जे काही सांगायचे ते मी त्या दिव्यातून सांगते.

पहिली बारा वर्षे मजेत गेली. घरचे वडील मला चालवायचे आणि शेजाऱ्यांना म्हणायचे, "हिच्यासारखी गुणी गाडी शोधून सापडायची नाही." ते गेले आणि मी त्यांच्या थोरल्या मुलाच्या हाती आले.

थोरला लोखंडी जाळ्या आणि दरवाजे जोडायचा. दंड असे, की दाराची चौकट त्याला अरुंद पडायची. राग नाकाच्या शेंड्यावर. नळ गळला, मार लाथ. पंखा कुरकुरला, हाण काठी. धाकटा भाऊ जरा उलटून बोलला की त्याच्या कानाखाली आवाज. छापखान्यात काम करणारा तो तिशीचा माणूस, पण थोरल्याची चाहूल लागली की मान खाली घालायचा.

पण याच थोरल्याचा आईवर भारी जीव. आईची मूत्रपिंडे निकामी झाली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिला डायलिसिसला न्यावे लागे. तिथले यंत्र तिचे रक्त धुऊन अंगातले जास्तीचे पाणी काढून टाकायचे. थोरला तिला तीन जिने उचलून खाली आणायचा, माझ्या पुढच्या सीटवर बसवायचा आणि तिची चप्पल स्वतःच्या हाताने सरळ करायचा. आठवड्यातून तीनदा त्या माउलीला वेळेवर पोहोचवणे, एवढेच माझ्याकडे काम उरले होते. पण त्यावर तिचे जगणे अवलंबून होते.

एका सोमवारी उड्डाणपुलाच्या चढावर माझा श्वास क्षणभर अडखळला. मी लगेच पिवळा दिवा लावला. थोरल्याने दिव्यावर बुक्की मारली. काच तडकली, दिवा मात्र विझला नाही.

मग मला मिस्त्रीकडे नेले. मिस्त्री साठीचा, एका कानाने कमी ऐकणारा, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला. त्याने स्कॅनर जोडून कोड वाचला आणि दांड्यावर नजर ठेवणारा सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा पुन्हा लागला. त्याने दुसऱ्या बनावटीचा सेन्सर घातला. पुन्हा तेच. तिसराही घालून झाला. मित्रांनो, तिन्ही सेन्सर बिचारे निर्दोष होते! इंजिन ज्या रबरांवर बसते ती रबरे चेपली होती. चढावर जोर लावला की इंजिन कलायचे आणि सेन्सरची वायर मागच्या लोखंडी पट्टीवर घासायची. घासून घासून ती उघडी पडली होती. गॅरेज सपाटीवर, तिथे मी अगदी शहाण्यासारखी चालायचे.

"दिवा लागला की गाडी आहे तशी माझ्याकडे आणा," मिस्त्री म्हणाला. "इंजिन कधी अडखळतं, किती गरम असतं, कुठल्या गिअरात असतं, ते सगळं डबीत लिहिलेलं राहतं. ते मला बघू द्या. मधे कुणी हात लावू नका."

पण थोरल्याला कामावरच्या कुणीतरी युक्ती शिकवली होती. बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून ठेवायची, की डबी सगळे विसरते आणि दिवा जातो. झाले! दर फेरीच्या सकाळी तो पाना घेऊन माझी वायर काढू लागला. आई सीटवर बसून बघायची. दिवा गेला की थोरला म्हणायचा, "बघ, आली की नाही ताळ्यावर?" आई मान हलवायची. मिस्त्रीच्या हाती दर वेळी कोरी पाटी लागायची आणि वायर काढल्याचे थोरला त्याला सांगायचाही नाही.

मग तो बुधवार आला. दोघे भाऊ आईला घेऊन निघाले आणि त्याच चढावर मी पुरती बंद पडले. थोरल्याने तिथेच बॅटरीची वायर दहा मिनिटे काढून लावली, तोवर निवून मी सुरू झाले. तिथून रुग्णालय दोन किलोमीटरवर होते. पण थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने मला वळवले आणि थेट गॅरेजात आणून घातले.

"दादा, आधी आईला पोहोचवू," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस!"

मिस्त्रीने स्कॅनर जोडला. "यात तर काहीच नाही," तो म्हणाला.

"काहीच नाही? तीनदा सेन्सर घातलास आणि वर काहीच नाही?" थोरल्याने त्याची गचांडी धरली आणि त्याचे डोके माझ्या बॉनेटवर आपटले. एकदा, पुन्हा एकदा. पत्रा आत गेला. म्हाताऱ्याचा ओठ फाटला आणि त्याचे रक्त माझ्या पांढऱ्या रंगावरून ओघळले. त्याने हाती लागलेला पाना फिरवला, तो थोरल्याच्या खांद्यात बसला. थोरला चवताळला. धाकटा मध्ये पडला, त्याच्या नाकावर असा ठोसा बसला की हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आई आत बसून होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले होते. बॅटरीची वायर काढण्याची गोष्ट तिला ठाऊक होती, एका वाक्याचे काम होते. ती बोलली नाही.

आजूबाजूचे लोक धावून आले तेव्हा हाणामारी थांबली. पण तोवर डायलिसिसची वेळ टळली होती. राग उतरल्यावर थोरला आईजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, आता शुक्रवारी जाऊ. चालेल ना?"

"चालेल की," आई म्हणाली. "काही नाही होत मला."

शुक्रवारी थोरल्याने नेहमीप्रमाणे बॅटरीची वायर काढून लावली आणि आईला घेऊन तो एकटाच निघाला. आईचे पाय मोज्यांत मावत नव्हते. ती पाठ टेकत नव्हती, ताठ बसून तोंडाने श्वास घेत होती. थोरला समोर बघून गाडी हाकत होता. चढ आला, इंजिन कलले, सेन्सरची उघडी वायर पट्टीला चिकटली आणि मी मेले.

त्याने ब्रेक दाबून धरला, म्हणून मी उभी तरी होते. त्याने किल्ली फिरवली. एकदा, दोनदा, पाचदा. मग डॅशबोर्डवर मुठी घालू लागला. हात रक्ताळले तरी त्याचे समाधान होईना. शेवटी त्याने ब्रेकवरचा पाय उचलला आणि मला लाथ घातली. मी मागे सुटले. मागून ट्रक चढत होता. माझी मागची बाजू त्याच्या नाकाडावर आदळून मागच्या सीटपर्यंत चेपली, काचांचा चुरा आईच्या केसांत शिरला.

"आई! कुठं लागलं? सांग ना, कुठं लागलं?"

"नाही रे. बरी आहे मी," ती म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते.

त्याने दार उखडून काढले, तिला उचलले आणि भर वाहतुकीतून रुग्णालयाकडे धावत सुटला. इतक्या जोरात धावणारा माणूस मी पाहिला नाही.

मला ओढून त्याच गॅरेजात आणले. मिस्त्रीनेच सांगून आणवले. ओठाला टाके असताना तो म्हणाला, "हिनं मला तीनदा खोटं पाडलंय. मला बघायचंच आहे." या वेळी नंतर बॅटरीची वायर काढायला कुणी नव्हते, त्यामुळे डबीत सगळे जसेच्या तसे होते: गरम इंजिन, दुसरा गिअर, इंजिनावर पडलेला जोर. अर्ध्या तासात त्याने ती उघडी वायर शोधून काढली.

चौथ्या दिवशी दोघे भाऊ आले. मिस्त्रीने थोरल्याला ती वायर दाखवली. एवढ्याशा, बोटभर जागेत ती सोलली गेली होती.

"म्हणजे अपघात यानंच झाला," थोरला म्हणाला. "आई यानंच गेली."

"अपघातानं नाही गेली." धाकट्याच्या नाकावर पट्टी होती, आवाज गेंगाणा येत होता. "डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलं होतं. बुधवारचं चुकलं ना. गुरुवारी तिला आडवं होता येत नव्हतं, रात्रभर बसून काढली तिनं. मला म्हणाली, दम लागतोय, पण त्याला सांगू नकोस."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" धाकटा म्हणाला.

एवढेच. थोरल्याने हात उचलला नाही. तो माझ्या चेपलेल्या बॉनेटला टेकून खाली बसला आणि एवढ्या मोठ्या देहाने हुंदके देऊ लागला. मिस्त्रीने गॅरेजचे शटर अर्धे ओढून घेतले, रस्त्यावरच्यांना दिसू नये म्हणून.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. तिथेही घण आहेत, पण त्याचे मला काही नाही. मित्रांनो, जुन्या मोटारीची काळजी घ्या, दिवा लागला तर तो विझवू नका, कारण शोधा, हे तर मी सांगेनच. पण आणखी एक सांगते. तुमच्या घरात कुणी विचारल्याबरोबर "बरी आहे, काही नाही" असे म्हणत असेल, तर ते माणूस खरेच बरे आहे का, की तुम्हाला घाबरते आहे, ते शांतपणे बघा. थोरल्याने आईसाठी जीव दिला असता. तिला मात्र त्याच्याजवळ "दम लागतोय" एवढे दोन शब्द बोलायची हिंमत झाली नाही.