उजवी बाजू भिंतीला

खोली होती टीचभर. एका भिंतीला विजेचा प्लग, समोरच्या भिंतीला दार, आणि मधल्या जागेत माणसाने वळायचं तर आधी खोलीला विचारून वळायचं. त्या खोलीत आता दवाखान्यातल्यासारखा पलंग बसवायचा होता. लेकीने टेप धरून मापं घेतली, ओणवी होऊन खडूने जमिनीवर पलंगाची चौकट आखली, आणि उभी राहून हात झटकले.

"इथे. खिडकीखाली. उशी प्लगच्या भिंतीला."

"झकास!" दीर म्हणाला. "दादा पडल्यापडल्या आभाळ बघेल. लुळी बाजू भिंतीला, उजवा हात खोलीत मोकळा. पाण्याचा पेला स्वतः उचलेल, घंटी वाजवेल. राजासारखा राहील."

आईने नुसती मान हलवली. काका-पुतणी चहाला बाहेरच्या खोलीत गेली, तशी तिने ओलं फडकं आणून ती चौकट पुसून काढली. मग खडू उचलला आणि दुसऱ्या कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला, जिथे भरदुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो, तिथे नवी चौकट आखली. रेघा वाकड्यातिकड्या आल्या.

नवरा फिटर. कारखान्यात सगळे त्याला 'पकड' म्हणत. जो नट पान्याला दाद देत नसे तो त्याच्या मुठीला शरण यायचा, अशी त्याची ख्याती. लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून ती पदराआड हसली होती. लग्नानंतर कळलं, ती मूठ कारखान्यात राहत नाही, घरीही येते. तोंडावर कधीच नाही. मनगटावर, दंडावर, जिथे बाही झाकून घेते तिथे. आवाज नाही, आरडाओरडा नाही. अंगठा हाडाच्या खोबणीत रुतवायचा आणि ती "चुकलं" म्हणेपर्यंत धरून ठेवायचं. भाजी खारट, चुकलं. शेजारी जास्त वेळ बोलत उभी राहिली, चुकलं. काहीच झालं नाही, तरी चुकलं.

आता वाऱ्याचा झटका आला आणि त्याची डावी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, अर्धा चेहरा ओघळला, शब्द तोंडातच भिजून फुगायला लागले. उजवी बाजू मात्र ठणठणीत. गेलं त्याचं दुःख सगळ्यांना होतं. राहिलं त्याचं भय तिला एकटीला.

"आई, पुसलंस कशाला?" लेक दारात येऊन उभी राहिली.

"खिडकीतून वारा येतो."

"खिडकी लावून घेता येते."

"धूळही येते."

दिराने कपाळाला हात लावला. "वहिनी, आपण दादाला घरी आणतोय की अडगळीत टाकतोय?"

दुकानात पलंग रांगेने उभे होते, पांढरे, थंड, कुणाचीतरी वाट बघत. दुकानदार भलताच हौशी. कोणत्याही पलंगाचं नाव काढलं की स्वतः त्यावर आडवा होऊन दाखवायचा. "हा बघा, हँडल फिरवायचा. हा विजेवरचा. बटण दाबलं, पाठ वर. हे दाबलं, गुडघे वर. बघा काकू, मी जेवायला बसलो!"

"वाढा त्यांना," दीर म्हणाला. दुकानदार खो-खो हसला. तिलाही क्षणभर हसू आलं, आणि आल्यापावली गेलं.

छोट्या खोलीसाठी त्याने एक आटोपशीर पलंग दाखवला. अंगाने अरुंद, खाली चाकं, उशापायथ्याला फळ्या. "याचा एक कठडा कायमचा, तो भिंतीकडे. दुसरा खाली पडतो, तो तुमच्या बाजूला. म्हणून आधीच ठरवून सांगा, भिंतीकडे पेशंटची कोणती बाजू? हे उजवं-डावं कारखान्यातूनच येतं. मागाहून बदलत नाही."

"डावी," दीर म्हणाला.

"उजवी," ती म्हणाली.

दुकानदार पलंगावर उठून बसला. "लुळी बाजू कोणती?"

"डावी."

"मग काकू, उजवी मोकळी ठेवा. चांगल्या हाताने कठडा धरून पेशंट तुमच्याकडे वळतो, निम्मं वजन तोच उचलतो. चांगला हात भिंतीकडे गेला तर तुम्हाला तो ओंडक्यासारखा ओढावा लागेल. पाठ पुसायची, चादर बदलायची, सगळं तुमच्या कमरेवर. महिन्याभरात तुमच्यासाठी दुसरा पलंग न्यायला याल."

"ओढीन मी."

"रात्री पाणी मागितलं तर?"

"देईन."

"वहिनी, हट्ट कसला हा?" दिराचा आवाज चढला. "त्याला देवाने एक हात ठेवलाय, तोही भिंतीशी कोंडून घालायचा?"

तिला बोलायचं होतं. शब्द घशाशी आलाही. पण इतक्या वर्षांत जो शब्द कधी उंबऱ्याबाहेर पडला नव्हता, तो या पांढऱ्या पलंगांच्या रांगेत, परक्या माणसासमोर कसा पडावा? शिवाय दिराचा भाऊ तो. लहानपणी याच भावाने त्याला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं, हे त्याने काल तिसऱ्यांदा सांगितलं होतं, डोळे पुसत पुसत.

"मला उजवी भिंतीला हवी," ती पुन्हा म्हणाली. एवढंच.

"बरं," दीर म्हणाला. "झोपायचंय दादाला. मग दादालाच विचारू."

वॉर्डात दुपारची शांतता होती. पकड उशांना टेकवून बसवलेला. अंग अर्धं पलंगावर सांडलेलं, अर्धं ताठ. दीर त्याच्या कानाशी वाकला.

"दादा, परवा घरी. नवा पलंग घेतोय. खिडकीपाशी लावायचा की कपाटामागे?"

"खि... खिडकी," पकड म्हणाला. लाळ ओघळली, लेकीने पुसली.

"आणि हा हात? मोकळा हवा ना?"

उजवा हात त्याने हळूच चादरीवरून उचलला आणि बायकोकडे पुढे केला. तळहात वर, बोटं उघडी. भिक्षा मागावी तसा.

"बघा!" दिराला गहिवरून आलं. "तुमचाच हात मागतोय, वहिनी. द्या ना. अहो, बघताय काय?"

शेजारच्या पलंगापाशी बसलेली म्हातारी कौतुकाने बघत होती. नर्स जाता जाता थबकली. एवढ्यांच्या नजरांपुढे नाही कसं म्हणायचं? तिने हात दिला.

बोटं मिटली. अर्धा चेहरा जागचा हलला नाही, पण डोळे तेच होते, जुने. अंगठा सरकत सरकत खोबणीपाशी गेला आणि बसला. इतकं विसरला होता तो, महिना, वार, कारखान्याचं नाव. एवढं विसरला नव्हता.

"काय जोर आहे बघा अजून!" दीर कौतुकाने म्हणाला.

तिने ओठ आवळले. "चुकलं" हा शब्द आपोआप जिभेवर आला. तेवढ्यात लेक पुढे झाली. ना ओढाताण, ना हिसकाहिसकी. तिने बापाची करंगळी पकडली आणि उलट्या बाजूला, अलगद, अगदी सरावाने वाकवली. मूठ एकेक बोटाने सुटत गेली. करंगळी, मग अनामिका, मग आपोआप अंगठा. पकड घोगरं काहीतरी ओरडला. लेकीने त्याचा हात चादरीवर ठेवला आणि त्यावर आपला पंजा दाबून धरला.

आईचं मनगट लाललाल झालं होतं. दीर त्या मनगटाकडे बघत राहिला. मग लेकीकडे, मग भावाच्या हाताकडे. त्याचं हसू चेहऱ्यावरच कुठेतरी अडकून राहिलं.

मायलेकी बाहेर बाकावर येऊन बसल्या.

आईच्या मनात मनगट नव्हतंच. करंगळी होती. ही युक्ती तिला स्वतःला सापडायला किती वर्षं लागली होती! मधल्या बोटांशी झगडलं की मूठ आणखी आवळते. करंगळीपासून सोडवावी लागते. स्वतः धरलं गेल्याशिवाय हे कुणाला कळत नाही.

"तुला कुणी शिकवलं गं?"

"कुणी कशाला शिकवायला हवं?" लेक समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

"मला वाटलं, ते माझ्यापुरतंच आहे. मी सोसते म्हणून तुझ्यापर्यंत येत नाही."

"मलाही तसंच वाटायचं, आई. मी सोसते म्हणून तुझ्यापर्यंत येत नाही."

दोघींपैकी कुणी रडलं नाही. रडायला कुणीतरी एक कोरडं लागतं, सावरणारं. एवढ्यात दीर बाहेर आला. त्यांच्यापासून जरा अंतर राखून, भिंतीला टेकून उभा राहिला. चपलेने फरशी उकरत राहिला.

"वहिनी... दुसरीकडे कुठे ठेवता येईल का त्याला? मी चौकशी करतो."

"तुम्ही न्याल तुमच्याकडे, भावजी?"

दीर पुन्हा फरशी उकरू लागला. लेकीने फोन काढला आणि दुकानदाराला सांगितलं, "उजवी बाजू भिंतीला. हो, नक्की. आणि तो कायमचा कठडा उंचही मिळतो ना? मग उंचातला द्या."

पलंग आला, बसला, पकड त्यावर आला. लेक चार दिवस राहिली आणि आपल्या घरी गेली. दुकानदाराचं खरं ठरलं. वळवताना ती लुळ्या खांद्याखाली हात घालते, गुडघा पलंगाला टेकवते, श्वास कोंडून ओढते. ओंडकाच. कंबर आधी बोलायची, आता ओरडते. पाणी ती पाजते, घास ती भरवते. आधी उजवं कोपर बघून घेते, मगच वाकते. एकदा वाकताना तिच्या लक्षात आलं की आपण आता भीतीने श्वास रोखून धरत नाही.

कठड्याच्या गजांमधून हात काढून तो भिंत ठोकतो. सकाळी ठोकतो, दुपारी ठोकतो, ती खोलीत असली की जास्तच. रंगाचे पापुद्रे गादीवर पडतात, ती ते झटकून काढते.

एक दिवस पलीकडची शेजारीण दारात आली. "अहो, रोज ठोकतं कोण? आमच्या भिंतीवरची फोटोची फ्रेम हलते."

ती बघत राहिली त्या बाईकडे. वीस वर्षांपासूनची शेजारीण. भिंत तीच, खोली तीच. इतक्या वर्षांत त्या भिंतीतून कधी काही पलीकडे गेलं नव्हतं.

"ते आहेत," ती म्हणाली. "तुम्ही फोटो उतरवून ठेवा."

आणि कंबर धरून, मागे वळून, ती त्याची कूस बदलायला गेली.