दवाखाना नावाचं स्टेशन

"सिस्टरबाई, जरा खाली या. पुन्हा कुणीतरी पेशंट घेऊन उतरलंय."

घड्याळवाल्याने रस्त्यावरूनच हाक मारली. बाईंनी निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली, चपला अडकवल्या आणि कठड्याला धरून जिना उतरू लागल्या. घाई केली की गुडघे कुरकुरत.

स्टेशनचं नाव दवाखाना. आधी मोकळ्या माळावर सरकारी इस्पितळ झालं, मग त्याच्यासाठी गाडी थांबायला लागली आणि थांब्याभोवती वस्ती वाढली. औषधांची दुकानं, फळवाले, पेशंटच्या नातेवाइकांना खोल्या देणारी घरं. बाईंची सगळी नोकरी त्या इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. घड्याळवालाही त्यांच्याच हातांत जन्मला होता. पुढे इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला हललं. इमारत पाडून तिथे फर्निचरची गोदामं झाली. औषधवाले गेले, फळवाले गेले. नाव तेवढं राहिलं, आणि शहर ठाऊक नसलेली माणसं ते ऐकून अजून इथे उतरत. बाई स्टेशनमास्तरांकडे कितीदा जाऊन आल्या होत्या. "माझ्या हातात असतं तर कालच बदललं असतं," असं ते दर वेळी म्हणत आणि बसायला खुर्ची पुढे करत.

स्टेशनच्या पायऱ्यांपाशी एक माणूस आईला छातीशी टेकवून बसला होता. म्हातारीचा चेहरा राखेसारखा झाला होता, घामाने केस कपाळाला चिकटले होते.

"दवाखाना कुठे आहे हो?" त्याने विचारलं. "कुणी नीट सांगतच नाही."

बाईंनी नाडी धरली. बोटांखाली ती मध्येच हरवत होती.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून. छातीत. आमचे डॉक्टर म्हणाले, शहरात न्या. गाडीत नाव पुकारलं, म्हणून उतरलो."

"इथला दवाखाना हलवला, बाबा."

"मग ते नाव?"

घड्याळवाला फोन खिशात टाकत म्हणाला, "ॲम्ब्युलन्स निघालीय म्हणतात. पण पुलावर कोंडी आहे."

"पुढच्या गाडीने नेतो मी. उचलून नेतो," मुलगा उठायला लागला.

"जिना चढवला तर त्यांना सोसायचं नाही," बाई म्हणाल्या. "आधी आडवं करू."

मुलाने आणि घड्याळवाल्याने मिळून तिला शेजारच्या घड्याळाच्या दुकानात आणलं, बाकावर निजवलं. बाईंनी घरून ॲस्पिरिनची गोळी मागवून तिला चघळायला दिली. त्यापुढे त्यांच्याजवळ काही नव्हतं. ऑक्सिजन नाही, सलाइन नाही. डॉक्टर येईपर्यंत पेशंट सांभाळायचा, हेच काम त्यांनी जन्मभर केलं होतं. आज मागून डॉक्टर येणार नव्हता.

म्हातारीने डोळे उघडले. "पोचलो का रे दवाखान्यात?"

मुलाने बाईंकडे पाहिलं.

"पोचलात," बाई म्हणाल्या. "मी सिस्टर आहे."

"मग बरं झालं." म्हातारीने त्यांचा हात चाचपला. "ह्याला काहीतरी खायला घालायला सांगा. सकाळपासून उपाशी आहे."

"सांगते."

थोड्या वेळाने बोटांखालची नाडी गेली. बाईंनी छाती दाबायला घेतली. त्यांचे हात थकले तेव्हा घड्याळवाल्याने दाबली, मग मुलाने. तो थांबेचना. शेवटी बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पुरे आता, बाळा."

ॲम्ब्युलन्स आली. ड्रायव्हरने दारातूनच आत पाहिलं आणि काही न विचारता मागे जाऊन भोंगा बंद केला.

मुलाचा फोन वाजत होता. त्याने दोनदा वाजू दिला, तिसऱ्यांदा उचलला.

"ताई... नाही गं. आई गेली." पलीकडचं रडणं दुकानात ऐकू येत होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "नाही, उशीर नाही झाला. दवाखान्यात पोचलो होतो आम्ही. वेळेवर पोचलो. सिस्टर होत्या शेजारी. सगळं केलं त्यांनी."

मग तो वळला, आणि बाईंच्या नजरेला नजर न देता फोन त्यांच्यापुढे धरला.

"तिला तुमच्याशी बोलायचंय."

बाईंनी सुटलेले केस मागे सारले, ताठ उभ्या राहिल्या आणि फोन कानाला लावला.

"बोला," त्या शांतपणे म्हणाल्या. "ड्यूटीवरची सिस्टर बोलतेय."